रॅम वाढवून मिळेल का?

सर्व्हर एक, रॅम १२८ जीबी आणि वाटेकरी अख्खं ऑफिस. त्या रॅमचे तुकडे पाडून प्रत्येक व्हर्च्युअल मशीनला (व्हीएम, म्हणजे सर्व्हरच्या पोटातला सॉफ्टवेअरचा कॉम्प्युटर) घालायचे, हे माझं काम. कुणी आपुलकीनं "मॅडम, जेवलात का?" असं विचारलं की मी समजून जाते, रॅम हवी आहे.

मागणीचा आणि वापराचा काडीचा संबंध नसतो. टेस्टिंगच्या पोरांनी १६ जीबी घेतली. आत डोकावलं तर जेमतेम दीड वापरात. बाकीची म्हणजे एसटीच्या खिडकीतून टाकलेला रुमाल. "अरे, थोडी परत दे ना." "नको मॅडम, रिलीजला लागेल." रिलीज नेहमी पुढच्या महिन्यात असतो.

बरं, लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमला रिकामी रॅम बघवत नाही, ते तिच्यात फाइलींची कॅश, म्हणजे हाताशी ठेवलेल्या प्रती, भरून ठेवतं आणि गरज पडली की सोडतं. मग 'फ्री'चा आकडा पाहून लोक घामाघूम होऊन येतात. "त्याच ओळीतला 'अव्हेलेबल'चा रकाना वाचा हो," म्हणून सांगते. मान डोलावतात आणि म्हणतात, "ते ठीक आहे, पण आठ तरी वाढवा." जावा या प्रोग्रॅमिंग भाषेची तर वेगळीच तऱ्हा. मर्यादा घालून दिली नाही तर ती हीपसाठी, म्हणजे आपला डेटा ठेवायच्या जागेसाठी, मशीनच्या रॅमचा चौथा हिस्सा आपलाच धरून चालते. आपण रॅम वाढवली की हिचाही हिस्सा वाढला.

यावर बलूनिंग नावाचा उतारा आहे. व्हीएमच्या आत एक ड्रायव्हर बसवायचा. होस्टला, म्हणजे मूळ सर्व्हरला, चणचण भासली की तो आतल्या आत फुगतो, तिथल्या सिस्टिमकडून रॅम मागून घेतो आणि गुपचूप होस्टच्या हवाली करतो. सरकारमान्य घरभेदी! व्हीएमवेअर कंपनीच्या ईएसएक्स या व्हीएम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये तर पडून राहिलेल्या मेमरीवर चक्क कर आहे, तोही मूळ सेटिंगलाच ७५ टक्के. मला तो टेस्टिंगवाल्यांकडून रोख वसूल करायला आवडेल. पण आमच्याकडे त्याच कामाचं लिनक्समधलं केव्हीएम, आणि निम्म्या विंडोज मशीनवर बलूनचा ड्रायव्हरच नाही. तो बसवायचा तर मशीन रीबूट करावी लागेल, आणि "आज नको हो" हे उत्तर वर्षभर चालतं.

मग व्हायचं तेच झालं. महिनाअखेर, पगाराचा हिशेब ऐन रंगात, आणि नेमका त्याच दुपारी रिलीज खरोखर आला. रॅम संपली, स्वॅप (डिस्कवरची उसनी जागा) भरला, आणि मेमरी संपली की कुणाला तरी मारून जागा करणारा लिनक्सचा ओओएम किलर जागा झाला. केव्हीएमच्या होस्टला अख्खी व्हीएम म्हणजे एक साधी प्रोसेस, चालू असलेला एक प्रोग्रॅम. हा किलर साधारणपणे सर्वांत जास्त रॅम खाणाऱ्याला उडवतो. घाम गाळत होती पगाराची व्हीएम, तीच गेली. "आमची चालू आहे बरं का मॅडम," टेस्टिंगमधून निरोप आला.

अकाउंट्सचे काका काही बोलले नाहीत. नुसते येऊन माझ्या टेबलाशी उभे राहिले.

आता त्या व्हीएमच्या ओओएम स्कोअरला, म्हणजे किलर ज्यावरून बळी निवडतो त्या गुणांना, उणे १००० लावून ठेवलंय, म्हणजे किलर तिला हातच लावत नाही. ही बातमी दोन दिवसांत सगळ्या मजल्यांवर पोचली. काल टेस्टिंगचा पोरगा आला. उणे १००० ही खालची हद्द, त्याखाली आकडा जातच नाही, हे त्याला कुणी सांगितलं नसावं.

"मॅडम, आम्हाला उणे दोन हजार द्या ना."