मांजरानंतर कोण?

शुक्रवारी जेवणं उरकल्यावर मी पुन्हा एकदा रामसे बंधूंचा 'पुराना मंदिर' लावला. १९८४चा भुताचा सिनेमा. बायको शेंगा सोलत एका डोळ्याने बघत होती आणि मी तिला ज्ञान देत होतो.

"अगं, यात घाबरायचं काय? तो सामरी राक्षस झालेला नट रुरकीला शिकलेला इंजिनियर आहे. सात भावांचा घरचा कारखाना. गंगू कॅमेऱ्यावर, किरण आवाजावर, तुलसी आणि श्याम दिग्दर्शनाला. १९७२ साली तर सगळं खटलं महाबळेश्वरला नेऊन सिनेमा काढला. पैसा नाही ना, मग राक्षस दाखवायचा कमी आणि दार करकरवायचं जास्त. आवाज स्वस्त पडतो. निळा उजेड, थोडा धूर. आणि आधी मांजर उडी मारतं. प्रेक्षक हुश्श करून सैल पडला, की मागून खरा येतो."

"झालं? खाली जाऊन मोटर बंद करा. टाकी वाहतेय."

साडेबारा वाजले होते. वॉचमन गावाला. मोटरचं बटण तळमजल्यावर, जिन्याखालच्या मीटररूममध्ये. कानटोपी चढवली, शाल गुंडाळली आणि निघालो.

दुसऱ्या मजल्यावरची ट्यूब चार महिने लुकलुकतेय. रामशांना त्यासाठी वेगळा माणूस ठेवावा लागला असता, आमच्या सोसायटीत ती सोय फुकट आहे. वरून टाकीचं पाणी पत्र्यावर ठप ठप पडत होतं. तेवढ्यात कचऱ्याच्या डब्यावरून मांजराने उडी मारली.

अडाणी माणूस इथे हुश्श म्हणाला असता. मी पडलो अभ्यासू. मांजर येऊन गेलं, म्हणजे आता पुढचा नंबर कुणाचा, हे मला पक्कं ठाऊक होतं. पाय जिन्यालाच चिकटले.

आणि मीटररूमचं दार करकरलं. (त्याला तेल घालायचं काम कमिटीने माझ्याकडेच दिलंय, मार्चपासून.) आतून पांढरा गाऊन बाहेर आला. वर मोकळे केस.

मी मोबाइलची टॉर्च छातीशी धरली होती, उजेड खालून थेट माझ्या तोंडावर. त्यात ती कानटोपी. पहिल्या मजल्यावरच्या काकू अशा किंचाळल्या, की किरण रामसेंनी दुसरा टेक मागितला नसता. माझी किंकाळी मात्र काकूंच्या वरच्या पट्टीत लागली, असं सकाळी चौथ्या मजल्यापर्यंतच्या सगळ्यांनी सांगितलं.

काकू मागच्या जिन्याने पळाल्या, मी पुढच्या. मोटर पहाटे दूधवाल्याने बंद केली.