जेसीबी लावा म्हणणाऱ्या काकांना उत्तर

खानापूरकर काका, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया सावकाश वाचली. मागच्या पोस्टमध्ये मी परदेशातल्या तळ्यांवर नि ज्वालामुखींवर चाललेल्या संशोधनाबद्दल लिहिलं होतं, त्यावर तुमचं म्हणणं असं की हे सगळे पोट भरलेल्या देशांचे चोचले, तळ्यात केंदाळ, म्हणजे जलपर्णी, झालं तर जेसीबी लावून काढायचं, त्यात शास्त्रज्ञाचं काय काम. आणि वर असंही, की ज्यांचं आपापसातच पटत नाही, एक म्हणतो डायनासोर लाव्ह्यानं मेले, दुसरा म्हणतो उल्का पडून मेले, त्यांचं आपण कशाला ऐकून घ्यायचं. "बेळगावात बसून पिनाटुबोची काळजी" (पिनाटुबो म्हणजे फिलिपिन्समधला ज्वालामुखी) हे वाक्य मात्र झकास जमलंय, आमच्या ग्रुपवर कालपासून तेच फिरालंय. पण बाकीचं पटलं नाही वो काका, आणि दोन ओळीत उत्तर देण्यासारखं ते नाही म्हणून इथंच सविस्तर लिहितोय.

आधी जेसीबी. आपल्या बेळगावचा बळ्ळारी नाला काय चीज आहे हे मी तुम्हाला सांगायला नको, येळ्ळूर, वडगाव, शहापूरच्या शिवारात ज्यांचं भात आहे त्यांना तर नकोच नको. पावसाळ्याच्या तोंडावर मशीन लागतं, काठावर केंदाळाचे ढीग पडतात, फोटो येतात, मग पहिला दणका पाऊस झाला की त्याच ढिगातलं कितीतरी परत पाण्यात जातं आणि शिवारात पाणी तुंबायचं ते तुंबतंच. गुत्तेदाराचं काम झालं, आपलं भात गेलं. आता हे असं का होतं हे विचारायला नको का कुणीतरी? आणि ते विचारणं म्हणजेच संशोधन की, दुसरं काय असतंय.

केंदाळ मूळचं दक्षिण अमेरिकेतलं, ॲमेझॉनच्या खोऱ्यातलं. ऊन, साठलेलं पाणी आणि खायला नत्र-स्फुरद मिळालं की दोन आठवड्यात दुप्पट होतंय. एका झाडाला आडवे फुटवे येतात, त्याच्या टोकाला दुसरं झाड, ते तुटलं की स्वतंत्र, म्हणजे मशीनच्या बकेटनं ओढताना जे तुकडे पडतात त्यातूनच पुढची लागण. शिवाय बी पडतं ते चिखलात पंधरा-वीस वर्षंसुद्धा जिवंत राहू शकतं. आणि नत्र-स्फुरद कुठनं येतं तर आपल्या घरातनं, गटारीतनं, साबणातनं, वरच्या शेतात टाकलेल्या युरियातनं. म्हणजे आपणच ताट वाढून ठेवायचं आणि पाहुणा जेवायला बसला की काठी घेऊन धावायचं, असा प्रकार चाललाय. हे जोपर्यंत कुणी पाणी तपासून, कुठल्या गटारीतनं किती येतंय ते मोजून सांगत नाही तोपर्यंत जेसीबीचं भाडं दर वर्षी द्यायचंच.

आता तुम्ही म्हणाल मोजून काय होणार. ऐका. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला बेंगळूरच्या भारतीय बागायती संशोधन संस्थेतल्या लोकांनी केंदाळ खाणारे दोन जातींचे भुंगेरे परदेशातनं मागवले. मूळचे तेही दक्षिण अमेरिकेतलेच. आणले आणि दिले सोडून असं नाही, आधी बंद खोलीत ठेवून आपली पिकं त्यांच्यापुढं ठेवली, हे खातंय का, ते खातंय का. केंदाळाशिवाय कशावरच त्यांचं भागत नाही अशी खात्री झाल्यावर मग बेंगळूरच्या तळ्यांत सोडले आणि काही तळी चार-पाच वर्षांत मोकळी झाली. मशीन नाही, औषध नाही. तुम्हाला हे चोचले वाटतात?

हा भुंगेरा तुम्ही बहुतेक बघितलाही असेल, लक्ष गेलं नसेल इतकंच. ज्वारीच्या दाण्याएवढा, मातकट करडा, सोंडेसारखं तोंड, दिवसा देठाच्या बेचक्यात दडून बसतो. तो नाही दिसला तरी खूण दिसते. केंदाळाचं पान उन्हात आडवं धरून बघायचं, वरची हिरवी साल खरवडल्यासारखे बारके बारके चौकोनी डाग असतील तर ते त्याचं जेवण. अळी त्याच्यापुढची, ती फुगीर देठात शिरते आणि आतनं पोखरत खाली गड्ड्यापर्यंत जाते, मग तिथं पाणी शिरतं, देठ कुजतो, झाड हळूहळू बुडायला लागतं. आणि कोष करते कुठं? पाण्याखाली, केंदाळाच्याच मुळांना धरून. ही गोष्ट कुणीतरी वर्षानुवर्षं तळ्याकाठी बसून बघितली म्हणून कळली, आणि ती महत्त्वाची अशी की तळं पार आटलं किंवा मशीननं सगळं केंदाळ उचललं की भुंगेरे, अळ्या, कोष सगळंच ट्रॅक्टरमध्ये जातं. केंदाळ चिखलातल्या बियांतनं परत येतं, भुंगेरे येत नाहीत. आपण ज्याच्या जिवावर उठलोय तो राहतो आणि आपल्या बाजूनं लढणारा मरतो. आणि गटारीचं पाणी फारच दाट असेल तर भुंगेरे असूनही पुरे पडत नाहीत, ते खातात त्याच्यापेक्षा ते वाढतंच जोरात. त्यामुळं नुसते किडे सोडा असंही माझं म्हणणं नाही, नाहीतर उद्या कुणीतरी किड्यांचंच टेंडर काढायचं.

व्हिक्टोरिया सरोवराचं उदाहरण मी दिलं ते परदेशाचं कौतुक म्हणून नव्हे. तिथंही हेच केंदाळ १९८०च्या दशकाच्या अखेरीस माजलं, होड्या निघेनात, बंदरं बंद पडली. १९९५ पासून हेच भुंगेरे सोडले आणि दशक संपेपर्यंत केंदाळ बऱ्यापैकी बसलं. यावर शास्त्रज्ञांत वाद आहेच, किड्यांनी काम केलं की १९९७-९८च्या एल निनोच्या पावसानं आणि लाटांनी. आणि केनियाच्या बाजूच्या आखातात ते नंतर परत आलं, कारण घाण पाणी यायचं थांबलं नव्हतं. ओळखीचं वाटतंय की नाही?

त्याच सरोवरात १९५०च्या दशकात नाईल पर्च नावाचा दांडगा मासा आणून सोडला होता. पंचवीस-तीस वर्षं विशेष काही झालं नाही, सगळ्यांना वाटलं बरं चाललंय, आणि १९८०च्या दशकात तो असा वाढला की तिथल्या बारक्या माशांच्या दोनशेच्या आसपास जाती दिसेनाशा झाल्या. हा आकडा आपल्याकडं आहे तो एवढ्याचसाठी, की हॉलंडच्या लायडन विद्यापीठाची काही पोरं त्याच्या आधीपासून टांझानियाच्या म्वांझा आखातात जाळी टाकून मासे मोजत बसली होती. त्या वेळी त्यांनाही लोक म्हणाले असणार, कशाला मोजताय वो, मासेच आहेत की. पण आधी मोजलं नसतं तर काय गेलं हेसुद्धा कळलं नसतं. माझा सगळा मुद्दा इथंच आहे काका, संकट आल्यावर सगळेच धावतात, आधीच्या कंटाळवाण्या वर्षांत वही घेऊन कोण बसलं होतं त्यावर पुढचं सगळं ठरतं.

आपल्याकडं चिलापीचं, म्हणजे तिलापिया माशाचं, काय झालं बघा. मोझांबिकची चिलापी भारतात १९५२ साली आणली. मादी अंडी तोंडात घेऊन उबवते, पिल्लं पोहायला लागेपर्यंत तोंडातच सांभाळते, म्हणून दुसऱ्या माशांनी खाऊन टाकायचा प्रश्नच कमी, आणि वर्षातनं कितीतरी वेळा पिल्लं घालते. आपल्या भागातल्या तळ्यांत ती येण्याआधी कुठले मासे किती होते? कुठल्या वहीत बघायचं सांगा.

अमेरिका-कॅनडाच्या मोठ्या सरोवरांचं थोडक्यात सांगतो. लँप्रे नावाचा बामसारखा लांबडा मासा, दुसऱ्या माशाला तोंडानं चिकटून रक्त पितो, तो कालव्यातनं आत शिरला आणि तिथल्या ट्राउटची वाट लागली. हजारो रसायनं एकेक करून तपासली तेव्हा एक सापडलं, १९५८ पासून वापरतात. पण ते सरोवरात ओतत नाहीत. लँप्रेची पिल्लं आधी काही वर्षं ओढ्यांच्या गाळात पुरून घेऊन राहतात हे अभ्यासातनं कळलं होतं, म्हणून औषध ओढ्यात टाकतात. कोविडच्या काळात ते टाकणं कमी झालं, तर लँप्रे परत वाढले. एकदा काढलं की संपलं, असं या धंद्यात नसतंय.

आता शास्त्रज्ञांचं आपापसात पटत नाही हा मुद्दा. खरं सांगायचं तर डायनासोरचा हा वाद आपल्या जिल्ह्याच्या पायाखालचाच आहे. दख्खनच्या लाव्ह्याची दक्षिणेकडची कड आपल्याकडंच येऊन संपते. इकडं विहीर खणली तर काळा दगड, आणि गोकाकच्या धबधब्यावर गेलात तर तो दगड वेगळाच, वाळू घट्ट होऊन झालेला, लाव्ह्याच्या कितीतरी आधीचा. इंग्रजांच्या काळात रॉबर्ट ब्रूस फूट नावाचा भूशास्त्रज्ञ हा सगळा मुलूख पायाखाली घालून गेला आणि १८७६ साली त्यानं त्यावर अहवाल लिहिला. म्हणजे चोचले करायला लोक इथंसुद्धा आले होते.

तुम्ही बोअर मारलीय म्हणून लिहिलंय ना, मग आठवून बघा, काळी भुकटी उडत असताना मधेच तांबडं पाणी, तांबडा चिखल यायला लागतो का? बोअरवाले म्हणतात तांबडी लागली. एक लाव्हा थंड झाला, त्यावर माती तयार व्हायला वेळ मिळाला, मग दुसरा लाव्हा वरून आला आणि ती माती भाजून मधे दबली, तो हा थर. त्या तांबडीत दुसरीकडच्या ज्वालामुखीची राख पडलेली असते आणि त्या राखेत झिरकॉन नावाच्या खनिजाचे केसाच्या जाडीएवढे कण. काळ्या दगडात झिरकॉन जवळजवळ नसतोच, तांबडीत सापडतो, आणि त्यातलं युरेनियम किती आणि त्याचं शिसं किती झालं यावरनं वय निघतं. प्रिन्स्टनच्या ब्लेअर शोनच्या गटानं असं वय काढलं, बर्कलीच्या कोर्टनी स्प्रेन आणि पॉल रेनी यांच्या गटानं दगडातल्या आर्गॉन वायूवरनं काढलं, दोन्ही निबंध २०१९ साली एकाच अंकात आले. एकाचं म्हणणं उल्का पडायच्या थोडं आधी लाव्ह्याचा मोठा लोंढा आला, दुसऱ्याचं म्हणणं बराचसा लाव्हा उल्केनंतर आला. पण साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी, दहा लाख वर्षांच्या आसपास हा सगळा खेळ झाला, यावर दोघांचं एकमत. सहा कोटीत हजारो वर्षांच्या फरकासाठी भांडतायत ती माणसं, आणि आपल्याकडं दोन भावांत बांधाच्या फुटाभरासाठी तीस-तीस वर्षं कोर्ट चालतंय. त्यांचं भांडण मला जास्त कामाचं वाटतं.

पिनाटुबोची काळजी मी का करतो तेही सांगतो. फिलिपिन्समधला हा डोंगर साधारण पाचशे वर्षं गप्प होता, लोक त्याच्यावर राहत होते, शेती करत होते. १९९१च्या एप्रिलमध्ये वाफ यायला लागली तेव्हा तिथल्या आणि अमेरिकेच्या शास्त्रज्ञांनी भूकंपमापक लावले, जुन्या राखेतला कोळसा तपासून मागचे स्फोट कधी आणि केवढे झाले ते काढलं, आणि जूनमध्ये गावं रिकामी करायला लावली. १५ जूनला डोंगर फुटला. हजारो माणसं वाचली. त्याच्या आधी सहा वर्षं, कोलंबियातल्या नेवाडो देल रुईझवर, धोक्याचा नकाशा तयार होता, आर्मेरो गाव त्यात चिखलाच्या वाटेवरच दाखवलेलं होतं, आणि १३ नोव्हेंबर १९८५च्या रात्री गाव तिथंच होतं. तेवीस हजारांच्या वर माणसं गेली. शास्त्र दोन्हीकडं होतं, एका ठिकाणी ऐकलं गेलं.

आणि तळं नि ज्वालामुखी मी एका पोस्टमध्ये का घातले म्हणून तुम्ही चिडलात, तर कॅमेरूनमधलं न्योस तळं बघा. ज्वालामुखीच्या तोंडात साठलेलं पाणी, तळाशी कार्बन डायऑक्साइड मुरत राहिलेला, २१ ऑगस्ट १९८६च्या रात्री तो एकदम वर आला आणि खालच्या खोऱ्यात सुमारे १,७०० माणसं झोपेतच गुदमरून मेली. दोनच वर्षं आधी त्याच देशातल्या मोनून तळ्यावर असंच होऊन ३७ जण गेले होते, पण कारण पक्कं समजून काही करायच्या आत न्योस झालं. आता तळापर्यंत पाईप सोडलाय, २००१ पासून गॅस कारंज्यासारखा थोडा थोडा बाहेर पडतो.

हे सगळं लांबचं म्हणत असाल तर कोयना तर लांब नाही? १९६२ला धरणात पाणी साठायला लागलं, धक्के सुरू झाले आणि ११ डिसेंबर १९६७च्या पहाटे ६.३चा भूकंप. तुमच्या वयाच्या लोकांना तो आठवत असणार, बेळगावातसुद्धा माणसं अंगणात आली होती म्हणून आमच्या घरातले सांगायचे. त्याच्यावर काम करणारी केंद्र सरकारची प्रयोगशाळा कराडला आहे, हायवेनं गाडी काढली तर दुपारच्या जेवणाला पोचाल. तीन किलोमीटर खोल भोक पाडलंय त्यांनी, वरचा सव्वा किलोमीटर आपलाच काळा दगड, खाली ग्रॅनाइट. धरणाच्या पाण्यानं भूकंप कसा होतो हे जगात जिथं जवळनं बघता येतं त्यातली ही एक मोठी जागा. चोचलेवाले देश आपल्याकडं शिकायला येतात काका.

तर आता तुम्हाला दोन कामं सांगतो, राग मानू नका. तुमच्या गावच्या तळ्यावर या महिन्यात मशीन येणार म्हणून लिहिलंय, ते यायच्या आधी दहा-वीस पानं तोडून उन्हात धरून बघा. चौकोनी डाग दिसले तर पंचायतीत सांगा की एका कोपऱ्यात दोरी बांधून केंदाळाचा एक पट्टा ठेवा, बाकीचं काय ते काढा, आणि काढलेलं काठावर टाकू नका. आणि दुसरं, तुम्ही लहानपणी त्या तळ्यात गळ टाकायचा म्हणताय, तर तेव्हा कुठले कुठले मासे लागायचे, चिलापी पहिल्यांदा कधी लागली, मरळ कधीपासून दिसेना झाली, जेवढं आठवेल तेवढं खाली लिहा, नावं तुमच्याकडची असली तरी चालतील.