पहिले दोन परिच्छेद

"मावशी, तू अजून ब्लॉग लिहितेस?"

भाच्याने आज दुपारी हे ज्या सुरात विचारलं ना, त्या सुरात लोक "अजून दाढ दुखते का?" असं विचारतात. आठ-दहा माणसं बसलेली. सगळे हसले. मीही हसले, कारण आपण समजूतदार. आता रात्रीचे साडेअकरा वाजलेत, झोपेचा पत्ता नाही, तेव्हा लिहूनच टाकते. लांबण लागणार आहे. कंटाळा येणाऱ्यांनी खुशाल पुढे सरकावं.

तेवढ्यावर थांबेल तर तो भाचा कसला. "विषय सांग, दोन मिनिटांत लिहून देतो." म्हणजे तो नाही, त्याचा फोन. मीही इरेला पेटले. म्हटलं, आईचं शिलाई मशीन. माझी आयुष्यातली पहिली ब्लॉगपोस्ट त्यावरच होती, 2011 सालची. दोन मिनिटं कसली, वीसेक सेकंदांत फोनने मजकूर ओकला आणि याने तो खड्या आवाजात वाचून दाखवला. "ते केवळ एक यंत्र नव्हते, मायेच्या धाग्यांनी नाती विणणारे ते एक मूक साक्षीदार होते..."

मशीनवर विणत नाहीत रे बाळा, शिवतात. एवढंच बोलले आणि पाणी आणायला उठले.

पण खरं सांगू? आत जाऊन मी नुसती उभी राहिले. कारण ते माझेच पहिले दोन परिच्छेद होते. शब्द वेगळे, पण तोच हिंदोळा, तोच गहिवर, तेच "मन भूतकाळात रमून जाते". मी हुबेहूब असं लिहायचे, आणि मला ते फार भारी वाटायचं.

मग ते सुटलं कसं? तेच तर सांगायचंय. एका बाईंमुळे सुटलं, ज्यांना मी आजतागायत पाहिलेलं नाही.

तेव्हा ब्लॉग लिहिणाऱ्यांच्या एका ग्रुपमध्ये नवीनच शिरले होते. पोस्ट टाकली, लिंक दिली आणि दर दहा मिनिटांनी आकडा बघत बसले. संध्याकाळपर्यंत अकरा वाचक! त्यातली नऊ मीच. (ब्लॉगर, म्हणजे ज्यावर मी ब्लॉग लिहिते ते संकेतस्थळ, आपल्या स्वतःच्या फेऱ्याही मोजतं, त्या मोजू नये म्हणून सेटिंगमध्ये खूण करावी लागते, ही अक्कल नंतर आली.) उरलेल्या दोघांपैकी एक माझी बहीण. आणि दुसऱ्या या ताई. त्यांची कमेंट मला अजून पाठ आहे: "लेख तिसऱ्या परिच्छेदापासून सुरू होतो. पहिले दोन तुम्ही स्वतःला धीर यावा म्हणून लिहिलेत. काढून टाका. टाचण्यांचं वाक्य फार आवडलं."

असा संताप झाला माझा! कोण कुठल्या या? मी मागितलं होतं का मत? चार वेळा उत्तर लिहिलं, चार वेळा खोडलं. शेवटी टाकलं, "आपल्या मताचा आदर आहे." याचा मराठीत अर्थ काय होतो ते तुम्हाला मी सांगायला नको.

चार दिवस धुमसत होते. पाचव्या रात्री, कोणी बघत नाहीये ना अशा बेताने, ते दोन परिच्छेद उडवले आणि लेख पुन्हा वाचला. आता तो असा सुरू होत होता: "तोंडात टाचण्या धरून आई रागवायची, तेव्हा शब्द कळत नसत, पण राग बरोबर कळायचा." ओठ उघडले तर टाचण्या पडणार, त्यामुळे आईला म सोडून दुसरं काही धड म्हणताच यायचं नाही. माझ्या नावातला म तेवढा उरायचा. हे मी लिहिलं होतं आणि दोन परिच्छेदांच्या गाद्या-गिरद्यांखाली दाबून ठेवलं होतं. ताईंना ते दिसलं. मला दिसलं नव्हतं.

आता कोणी म्हणेल, एवढ्या एका कमेंटचं काय कौतुक. म्हणा. मला शाळेत निबंधाला दहापैकी आठ मिळायचे ते त्या पहिल्या दोन परिच्छेदांसाठीच. घरचे "छानच लिहितेस" म्हणायचे ते माया म्हणून. ना ओळख, ना देणंघेणं, अशा माणसाने आपलं लिखाण शेवटपर्यंत वाचावं आणि कुठे बोट ठेवायचं ते नेमकं दाखवावं, हे आयुष्यात पहिल्यांदा घडत होतं.

मग मी त्या ग्रुपमध्ये मुरले. तिथे एक शिस्त होती, आपलं एक टाकायचं तर आधी दुसऱ्यांचं पाच वाचायचं. नुसतं "छान" चालायचं नाही, कुठलं वाक्य आवडलं ते लिहायचं. सुरुवातीला मला हा शुद्ध छळ वाटायचा. पण "कुठलं वाक्य?" हा प्रश्न डोक्यात घेऊन वाचायला लागलं की माणूस वेगळंच वाचतो. आणि मग स्वतःच्या लेखात असं एकही वाक्य नाही हेही लख्ख दिसतं. फार वाईट वाटतं तेव्हा.

2013 च्या एप्रिलमध्ये आम्ही काही जणांनी ए टू झेडचं आव्हान घेतलं. 30 दिवसांतून 4 रविवार वजा, राहिले 26, रोज इंग्रजी वर्णमालेतलं एक अक्षर, त्यावर एक पोस्ट. "मूड नाही" ही माझी जुनी सबब तेव्हाच मेली. एक्सच्या दिवशी निम्म्या ग्रुपने एक्स-रेवर लिहिलं, त्यात मीही. भयंकर लिहिलं. पण लिहिलं.

आमच्यात एक काका होते, अनुस्वारांचे पहारेकरी. कोणाचा अनुस्वार सुटला की हे हजर. एकदा दोन-तीन आठवडे गायब झाले आणि मग त्यांची दोन ओळींची पोस्ट आली. "आज कात्री सापडली. ती सांगायची तिथेच होती." काकू गेल्याचं आम्हाला असं कळलं. त्या पोस्टवर ताईंनीसुद्धा काही सुचवलं नाही. मी कमेंटमध्ये सांत्वनाचा मोठा परिच्छेद लिहिला, वाचला आणि खोडून फक्त "वाचलं, काका" एवढंच ठेवलं. हे मला 2011 मध्ये जमलं नसतं. तेव्हा मी मृत्यूवर दोन परिच्छेद ठोकले असते.

आणि म्हणे, "एवढा वेळ कसा मिळतो गं तुला?" आज हेही कोणीतरी विचारलंच! रोज रात्री तीन-तीन मालिका बघणाऱ्यांना हा प्रश्न कोणी विचारत नाही. मी मात्र आठवड्यातून एकदा हजार शब्द लिहिले की रिकामटेकडी. वा!

बरं, सगळे तिथे संत नव्हते, हे मान्य. "तू माझं वाच, मी तुझं वाचतो" हा व्यापारही जोरात चालायचा, आणि मीही दोन-चारदा न वाचता वाहवा केली आहे. आणि त्या फोनचे अनुस्वार माझ्यापेक्षा बरोबर होते, हेही जाता जाता कबूल.

ग्रुप हळूहळू विरला. 1 जुलै 2013 ला गूगल रीडर बंद झालं, त्याचा मोठा फटका बसला. त्यात तुम्ही निवडलेल्या सगळ्या ब्लॉगांचं नवं लिखाण एका जागी येऊन पडायचं, कोणाचं दाखवायचं आणि कोणाचं गाळायचं हे ठरवणारा मध्ये कोणी नसायचा. ही पोस्ट तुमच्यापैकी किती जणांना दिसेल ते आता फेसबुक ठरवणार. असो. मी काय करू शकते?

भाच्यावर राग आहे असं नाही. ब्लॉगर 1999 साली सुरू झालं तेव्हा तो जन्मालाही आला नव्हता, त्याला काय माहीत. आणि गंमत सांगते. सगळे निघाले तेव्हा हा चपला घालता घालता हळूच म्हणाला, "तुझी जुनी पोस्ट वाचली मघाशी. आजी खरंच टाचण्या तोंडात धरून ओरडायची?" म्हटलं, हो. "मग तुला हाक कशी मारायची?" मी ओठ घट्ट मिटून मारून दाखवली. बिचारा हसता हसता खाली बसला. फोनने लिहिलेल्यातलं काहीच त्याने विचारलं नाही. (हे मी मुद्दाम लिहितेय, हो.)

ते गेल्यावर मी ताईंचा ब्लॉग उघडला. शेवटची पोस्ट 2016 ची. त्या कुठे असतात, लिहितात का, काही माहीत नाही. त्या पोस्टखाली कमेंट लिहायला घेतली. इतक्या वर्षांनंतर लिहितेय, ओळखलंत का, असं बरंच काही. मग पहिली दोन वाक्यं उडवली. उरलं ते एवढंच: "ताई, ते दोन परिच्छेद मी त्याच आठवड्यात काढले होते. तुम्हाला कधी सांगितलं नाही."

पाठवलं. ब्लॉगलेखकाच्या मंजुरीनंतर कमेंट दिसेल, असं आलंय.