'कट' वाजलं म्हणून बॅटरी बदलू नका

पावसाळा सरला, किनाऱ्यावर पर्यटक यायला लागले की चार महिने शेडमध्ये पडलेल्या एटीव्ही (वाळूत पळणाऱ्या चारचाकी बाइक) बाहेर निघतात, आणि त्यांच्यासोबत दरवर्षी फिरणारा तो मेसेजही. त्याचं सार असं: सेल्फ मारल्यावर नुसतं 'कट' वाजलं तर बॅटरी गेली. हेडलाइट झगझगीत लागत असेल तर बॅटरी ठीक, सेल्फची मोटर बदला. आवाजच नसेल तर रिलेच्या (बटण दाबल्यावर बॅटरी मोटरला जोडणाऱ्या स्विचच्या) दोन बोल्टांवर स्क्रूड्रायव्हर टेकवा. तरी नाही झाली तर ढकला. सेल्फ फिरूनही पेटत नसेल तर स्पार्क प्लग बदला.

पाच वाक्यांत तीन नवे पार्ट आणि एखादा अपघात!

'कट' हा आवाज रिलेचा. बटण दाबलं, रिलेची कॉइल ओढली गेली, एवढंच तो सांगतो. पुढे मोटरपर्यंत करंट गेला की नाही, हे त्यातून कळत नाही. भराभर 'कटकटकट' होत असेल तर व्होल्टेज कोसळतंय, तिथे बॅटरीवर संशय रास्त आहे. पण सैल टर्मिनलही अगदी तसंच वाजतं. एकच ठसठशीत 'कट' होऊन सगळं शांत झालं तर रिलेचे जळालेले पॉइंट, मोटरची वायर, अर्थिंग (बॅटरीच्या निगेटिव्हची चासी-इंजिनशी जोडणी), मोटर, यांतलं काहीही असू शकतं.

हेडलाइटचा दाखला तर त्याहून कच्चा. 35 वॅटचा बल्ब जेमतेम 3 अँपिअर घेतो. सेल्फला त्याच्या कितीतरी पट लागतात. मरायला टेकलेली बॅटरीही बल्ब छान पेटवते. म्हणून बघायचं ते सेल्फ दाबलेला असताना. मल्टीमीटर बॅटरीच्या दोन्ही टोकांवर लावा. बंद गाडीत 12.6 ते 12.8 व्होल्ट म्हणजे बॅटरी भरलेली, 12 च्या आसपास म्हणजे जवळपास रिकामी. आता बटण दाबा. आकडा 9.5 च्या खाली गेला तर आधी बॅटरी पूर्ण चार्ज करून पुन्हा बघा. चार्ज करूनही तेच, आणि इंजिन हलतच नसेल, तर मात्र नवी बॅटरी आणायच्या आधी प्लग काढून सेल्फ मारून बघा. कार्बोरेटरमध्ये पेट्रोल अडवणारी सुई गळत असेल तर सिलिंडरमध्ये पेट्रोल साचून पिस्टन अडतो. ऑइललाही पेट्रोलचा वास येतो. भोकातून पेट्रोल उडेल, तेव्हा तोंड लांब ठेवा आणि प्लगची कॅप इंजिनपासून दूर.

आकडा 12 च्या वर राहिला आणि मोटर फिरली नाही, तर बॅटरीला कोणी काही मागितलेलंच नाही. करंट वाटेत अडलाय. मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर, आणि बटण दाबा. 0.3 व्होल्टच्या वर दिसलं तर अर्थिंग खराब. तसंच पॉझिटिव्ह टोक ते मोटरचा बोल्ट: इथे अर्ध्या व्होल्टपर्यंत चालतं. खाऱ्या हवेतल्या गाड्यांत दोष बहुतेक अर्थिंगचाच निघतो. चासीवरचा बोल्ट वरून चकचकीत असतो, उघडला की रिंगखाली हिरवी पूड आणि गंज. पॉलिश पेपर घासायचा, बोल्ट आवळायचा, वर थोडं ग्रीस. खर्च एका चहाचा.

आता स्क्रूड्रायव्हर. आवाजच नसताना आधी फ्यूज बघा, मग किल स्विच (इंजिन बंद करायचं बटण), मागची लाल दोरीची पिन (ओढली की इंजिन बंद पडतं), न्यूट्रल आणि ब्रेकचा स्विच. बऱ्याच एटीव्हींना ब्रेक दाबल्याशिवाय सेल्फ लागत नाही. लिव्हर दाबल्यावर मागचा ब्रेकलाइट लागत नसेल तर तो स्विच आधी तपासा. हे स्विच उगाच दिलेले नाहीत. स्क्रूड्रायव्हरने रिले शॉर्ट केला की न्यूट्रल आणि ब्रेकचे स्विच बाजूला पडतात, आणि गिअर पडलेला असेल तर समोर वाकलेल्या माणसाच्या अंगावर गाडी येते.

ढकलण्याबद्दल जास्त लिहायला नको. सीव्हीटी बेल्टच्या (स्कूटरसारख्या ऑटोमॅटिक) गाडीत बंद इंजिनाला चाकांकडून जोर पोचतच नाही. वाळूत दमछाक तेवढी होईल.

प्लग मात्र काढाच, पण बदलायला नव्हे, वाचायला. सेल्फ मारून झाल्यावर तो कोरडा निघाला तर पेट्रोल पोचत नाही: कॉक, फिल्टर किंवा बुजलेला पायलट जेट (कार्बोरेटरमधलं पेट्रोलचं बारीक भोक). चार महिने पडून राहिलेलं पेट्रोल उडून जेटमध्ये चिकट थर राहतो, आणि इथेनॉल मिसळलेलं असल्याने दमट हवेतलं पाणीही ओढतं. फ्लोट बाउलचा (कार्बोरेटरच्या तळाच्या पेट्रोलच्या वाटीचा) ड्रेन स्क्रू सोडून ते काचेच्या बाटलीत धरा; तळाला पाणी वेगळं दिसलं तर टाकीसकट सगळं रिकामं करावं लागेल. प्लग ओला निघाला तर स्पार्क कमजोर आहे किंवा चोक जास्त झालाय. थ्रॉटल पूर्ण उघडून पाच सेकंद सेल्फ मारा, मग मोटरला थोडी उसंत द्या.

आणि स्पार्कही आहे, पेट्रोलही आहे, सेल्फही जोरात फिरतोय, तरी पेटत नाही? टॅपेटची, म्हणजे व्हॉल्व्ह आणि तो दाबणारा दांडा यांच्यामधली, फट मोजा. व्हॉल्व्ह घट्ट झाले की पूर्ण बंद होत नाहीत आणि कॉम्प्रेशन निसटतं. मेसेजमध्ये टॅपेटचं नावही नाही.