दिवाडीला जाल तर परसात बसा

दोन दिवस गोव्यात दिवाडी बेटावर मैत्रिणीच्या घरी राहून आले आणि आल्यापासून सगळ्यांना तेच तेच सांगतेय, म्हटलं इथेच लिहून टाकावं. रायबंदरला फेरीबोटीत बसलं की मांडवी नदी ओलांडून बेटावर, पायी जाणाऱ्यांना तिकीट पण नाही. आपली माणसं नार्व्याला सप्तकोटेश्वराच्या देवळात जातात, महाराजांनी १६६८ मध्ये जीर्णोद्धार केला म्हणून, पण तो देव मुळात दिवाडीचा. आणि बेटावर कोणी आलंच तर जुन्या घरांचे फोटो काढून पुढच्या फेरीने परत. मला हे खरंच पटत नाही.

मैत्रिणीची आई, आम्ही आंटीच म्हणतो, सकाळी सातलाच मागच्या दारी मासे साफ करायला बसली, पुढ्यात तीन मांजरं आणि कोंबड्या जरा लांब. आतडी मांजरांना, रात्रीचा भात कोंबड्यांना, भाजीची देठं-सालं डुकरिणीला, काही म्हणजे काही फुकट जात नाही. माडाखाली टोपलीत एक खुडूक कोंबडी अंड्यांवर बसलेली, तिच्या बाजूने जाताना घरातले सगळे हळू बोलतात. मला ते इतकं आवडलं ना!

मासे मानशीवरचे. म्हणजे बघा, इथली शेती खाजनात, म्हणजे नदीकाठच्या सखल जमिनीत, नदीचं खारं पाणी बांध घालून अडवलंय आणि बांधात लाकडी दरवाजे, ती मानस. भरतीच्या जोराने दरवाजा आपोआप मिटतो, ओहोटीला आतलं पाणी त्याला ढकलून बाहेर पडतं, तिथेच जाळं लावायचं. बांध फुटला तर शेतात खारं पाणी शिरून भात गेलंच समजा, म्हणून ही शेती एकट्यादुकट्याने होत नाही, सगळ्यांनी मिळून बांध जपावा लागतो.

आणि एवढं सगळं असून आंटी मला लाजत विचारते, तुझ्यासाठी बाहेरून चिकन आणू काय गो? खूप वाईट वाटलं मला. आपण पाहुणे जाऊन हे नको ते नको करतो म्हणूनच त्यांना घरचं जेवण कमी वाटायला लागतं. मी म्हटलं आंटी, तुम्ही रोज जेवता तेच द्या. मग उकडा भात, सुंगटांचं हुमण (कोळंबीची आमटी), तळलेलं काळुंदर (खाडीतला मासा) आणि सुक्या सुंगटांचं किसमूर, म्हणजे खोबरं घातलेली कोशिंबीर. तीनदा भात घेतला, आंटी समोर बसून नुसती बघत होती, खूश.

निघताना तिने डब्यात भाताचं तूस घालून आठ गावठी अंडी दिली. फेरीत डबा मांडीवरच धरून बसले होते, एकही फुटलं नाही.