ख्रिस्ती सिनेमा काढताय? मग माझं ऐका

प्रिय बंधुभगिनींनो, सलाम.

ईस्टरआधीच्या उपवासकाळातल्या एका शनिवारी आमच्या हॉलमध्ये ‘आपल्याच लोकांनी काढलेला’ मराठी ख्रिस्ती सिनेमा दाखवला. कूपन २०० रुपये. वेळ साडेपाचची, म्हणजे सात. मधल्या वेळात तीन सत्कार, दोन प्रार्थना आणि निर्मात्याच्या मेव्हण्याचं मनोगत. मग पडद्यावर दहा मिनिटं निळी पाटी: नो सिग्नल. पुढच्या दोन तास चाळीस मिनिटांत त्याहून खरं वाक्य पडद्यावर आलं नाही.

असा सिनेमा तुम्हालाही काढावासा वाटत असणारच. हल्ली ज्याच्याकडे ड्रोन आहे त्याला देवाचं पाचारणही असतं. तर पदरचे २०० रुपये घालून मिळवलेलं ज्ञान तुम्हाला फुकट देते.

सगळ्यात आधी, पटकथेच्या नादी लागू नका. एक साक्ष घ्या, म्हणजे ‘प्रभूनं मला कसं बदललं’ अशी कहाणी. दारुडा नवरा, डोळे पुसणारी बायको, धर्मप्रचाराच्या पत्रिका वाटणारा हसतमुख शेजारी. नवरा पहिल्या मिनिटाला बाटली घेऊन पडलेला आणि शेवटच्या मिनिटाला पांढरा शर्ट घालून उभा. मधला वेळ पानशेतच्या धरणावर ड्रोन फिरवून भरून काढा, मागे गाणं टाका. नवरा दारू का पितो, सुटताना त्याच्या हाताला कंप सुटतो का, बायकोला त्याचा राग येतो का, असले प्रश्न प्रेक्षकाला पडू देऊ नका. बायकोला राग येतच नाही. ती ख्रिस्ती आहे.

स्वप्नात येशू दाखवायचा असेल तर, तो नासरेथात वाढला, सुतारकी केली, उन्हातान्हात गालीलभर पायी हिंडला, म्हणून त्याला गोरापान दाखवा. आमच्या सिनेमातला मुलगा आमच्यातलाच, चांगला सावळा, देखणा पोरगा. त्याला मानेपर्यंत पावडर थापली होती. हात पसरून ‘माझ्याकडे या’ म्हणाला तेव्हा चेहरा एका खंडातला आणि हात दुसऱ्या. कपाळावर विगची जाळी दिसत होती. डाव्या मनगटावर घड्याळाच्या पट्ट्याचा पांढरा डाग.

भाषा मात्र शुद्ध पवित्रशास्त्राची हवी. हडपसरच्या मंडईत मेथीची जुडी घेताना नायिका म्हणते, “मी तुम्हांस खचित सांगते, चिंता करू नका.” भाजीवाली गप्प. मीही गप्प राहिले असते.

ध्वनीवर पैसे घालवू नका. बाहेर पडताना एका पोरानं मोबाईल तोंडासमोर धरला, “ताई, सिनेमानं तुमच्या जीवनात काय बदल केला?” मी म्हटलं, बाळा, निम्मे संवाद ऐकूच आले नाहीत. तो म्हणाला, “ताई, ज्याला कान आहेत तो ऐको.”

खलनायक नास्तिक ठेवा. २०१४ साली ‘गॉड्स नॉट डेड’ नावाचा अमेरिकन सिनेमा आला. त्यात देव नाकारणारा तत्त्वज्ञानाचा प्राध्यापक शेवटी गाडीखाली येतो आणि भर पावसात रस्त्यावर मरता मरता विश्वास ठेवतो. सुमारे वीस लाख डॉलरमध्ये काढलेल्या या सिनेमानं सहा कोटींच्या वर धंदा केला, तेव्हा नक्कल करायला हरकत नाही. आमच्या सिनेमातही प्राध्यापक होता. चष्मा, खादीचा झब्बा, शबनम. गाडीचं बजेट नसल्यामुळे त्याला जिन्यावरून पाडलं.

खऱ्या नास्तिकांकडून मात्र काही शिकू नका. पासोलिनी नावाचा इटालियन दिग्दर्शक होता, मार्क्सवादी आणि नास्तिक. त्यानं १९६४ मध्ये मत्तयाच्या शुभवर्तमानावर, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या चार चरित्रांपैकी एकावर, सिनेमा केला. संवाद बहुतेक मत्तयाचेच ठेवले, नट सगळे हौशी घेतले, येशूच्या भूमिकेला अर्थशास्त्र शिकणारा एकोणीस वर्षांचा स्पॅनिश विद्यार्थी, आणि वधस्तंभाखाली रडणारी म्हातारी मरीया म्हणून स्वतःची आई उभी केली. पैसा नाही, चमत्कार नाहीत म्हणावे इतके साधे. देवावर विश्वास नसलेल्या माणसानं मत्तयावर विश्वास ठेवला. आपण नेमकं उलट करायचं.

पुण्यातल्या लॉ कॉलेज रोडच्या बाजूला तर फिरकूच नका. आज फिल्म इन्स्टिट्यूट आहे तिथंच प्रभातचा स्टुडिओ होता आणि तिथल्या दामले-फत्तेलालांनी १९३६ साली ‘संत तुकाराम’ काढला. भक्तीचा सिनेमा, पण त्यातली आवली पाहा. पोरगं आजारी पडल्यावर ही बाई हातात पायताण घेऊन थेट देवळात जाते आणि विठ्ठलाला जाब विचारते! कोणत्या कमिटीनं पास केलं हे? आमच्याकडे असतं तर पाळकसाहेबांनी तिथल्या तिथं लाईट लावायला सांगितलं असतं. आणि गंमत अशी की तुकोबा खरा वाटतो तो तिच्यामुळेच. चूल पेटवायची चिंता कुणाला तरी आहे म्हणून त्याचं अभंगात हरवणं आपल्याला कळतं.

(कमिटीवरून आठवलं. येशूनं सांगितलेली चांगल्या शोमरोन्याची गोष्ट घेणार असाल तर जखमी माणसाला बघून बाजूनं निघून जाणारे देवळातले याजक आणि लेवी आधी कापा. मंडळीत गैरसमज होतात.)

भाषणात फाळक्यांचा उल्लेख हवाच. मुंबईत ‘लाइफ ऑफ क्राइस्ट’ हा मूकपट बघताना त्यांच्या डोळ्यांपुढे राम-कृष्ण उभे राहिले, आणि १९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ आला. म्हणजे आपल्याकडच्या सिनेमाच्या मुळाशी ख्रिस्तच आहे, असं म्हणून टाळ्या घ्या. मेव्हण्यांनी घेतल्या. फाळक्यांना ख्रिस्त बघताना राम-कृष्ण दिसले, मला भिंतीवरचं घड्याळ दिसत होतं.

आपली माणसं चुकूनही दाखवू नका. हिंदी सिनेमातला ख्रिस्ती म्हणजे ‘क्या मॅन’ म्हणणारा आणि गळ्यात क्रॉस घालून पिणारा. पेटी-तबल्यावर रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजनं म्हणणारा, ज्वारीची भाकरी खाणारा, नगरकडून येऊन पिंपरीच्या कंपनीत चिकटलेला मराठी ख्रिस्ती कुठं दिसत नाही. आपण दाखवायचा तर बंगला, सोफा आणि जिना दाखवावा. जिना तर लागतोच, प्राध्यापकासाठी.

आता सगळ्यात महत्त्वाचं, चमत्कार. आजारी माणूस बरा झालाच पाहिजे. मुलगा हॉस्पिटलात, डॉक्टर चष्मा काढून म्हणतात, “आता सगळं देवाच्या हातात.” आई उपास धरते, गुडघ्यावर येते, व्हायोलिन. सकाळी डॉक्टर एक्स-रे खिडकीकडे धरतात (उलटा धरला होता, मी पाहिलं) आणि म्हणतात, “हे अशक्य आहे!” पाळक आईच्या डोक्यावर हात ठेवतात, “बाई, तुमच्या विश्वासानं हे केलं.” हॉलभर टाळ्या.

माझ्या शेजारी आमच्या स्त्रियांच्या संघातल्या मावशी बसल्या होत्या. त्यांचा मुलगा गेल्या वर्षी गेला. एकतीस वर्षांचा, दोन्ही किडन्या. अख्ख्या मंडळीनं चाळीस दिवस साखळी प्रार्थना केली होती. मावशी पाण्यावर राहायच्या. एकदा चक्कर येऊन पडल्या तेव्हा मीच रिक्षात घालून त्यांना घरी नेलं. त्या टाळ्यांत मावशींनीही दोनदा हात एकमेकांवर आपटले. मग मांडीवरच्या रुमालाची घडी उलगडली, परत घातली, परत उलगडली. येताना क्वार्टर गेटच्या सिग्नलला रिक्षा थांबली, तेव्हा समोर बघतच म्हणाल्या, “माझाच विश्वास कमी पडला असेल का गं?”

बास. यापुढे मला थट्टा जमणार नाही.

कुणी दिला तुम्हाला हा अधिकार? तुम्ही लिहिलेल्या एका टुकार सीननं त्या बाईला सांगितलं की तुझं पोरगं तुझ्यामुळे गेलं. आणि तेही कुठल्या दिवसांत? उपवासकाळात! गेथशेमानेच्या बागेत एकानं घाम रक्तासारखा गाळत प्रार्थना केली होती की हा प्याला टळू दे. टळला? त्याचा विश्वास कमी पडला होता का? वधस्तंभावर तो ‘माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास’ म्हणून ओरडला, ते वाक्य चार शुभवर्तमानांतल्या दोघांनी लपवलं नाही, लिहून ठेवलं. तुम्ही असता तर तिथं गाणं टाकलं असतं. त्यानं स्वतः गोष्टी सांगितल्या त्या तरी वाचा एकदा. उधळ्या मुलगा घरी परतला म्हणून आत मेजवानी चालू असते, त्याचा थोरला भाऊ रुसून दाराबाहेर उभा असतो, बाप समजावत असतो, आणि गोष्ट तिथंच थांबते. तो आत गेला की नाही, सांगितलेलं नाही. तुमच्या सिनेमात तो आत येऊन, रडून, पेटीवर बसला असता.

आणि ‘पैसे नव्हते’ हे मला सांगू नका. लहानपणी आजोळी नगर जिल्ह्यात दोन लिंबांच्या मध्ये चादर बांधून दाखवलेला येशूवरचा ‘दयासागर’ मी पाहिलाय. मूळ तेलुगू, १९७८ चा. ओठ एकीकडे, शब्द दुसरीकडे, चादरीला मधोमध ठिगळ. खिळे ठोकायला लागले तेव्हा शेळ्या राखणारी एक म्हातारी, जी कधी चर्चची पायरी चढली नव्हती, तोंडात पदर धरून उभी राहिली ती शेवटपर्यंत बसली नाही. दुखतं तिथं दुखताना दाखवलं होतं, एवढंच.

वाईट सिनेमा कुणीही काढतो. तुम्ही वाईट सिनेमा काढून त्यावर देवाचं नाव चिकटवता, आणि मग नावं ठेवणाऱ्याला म्हणता तुझं मन कठोर आहे. परमेश्वराचं नाव व्यर्थ घेऊ नको, ही आज्ञा आपण शिव्या देणाऱ्या पोरांना पाठ करायला लावतो. तालीम न करता, संवाद न तपासता, मंडळी आपलीच आहे, जाते कुठं, असं धरून त्याच्या नावानं कूपनं खपवणं म्हणजे दुसरं काय असतं?

दुसरा भाग काढताय असं ऐकलं. मावशींना कूपन विकायला जाऊ नका. आणि त्या पोराला सांगा, कान शाबूत आहेत माझे. माईक भाड्यानं आणा.