यादी उघड केली की मुलं वाचतात, असं सांगणाऱ्या मेसेजबद्दल

लहान मुलीवरच्या अत्याचाराची बातमी आली की एक मेसेज पुन्हा फिरायला लागतो. परवा तो आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर आला. थोडक्यात त्याचं म्हणणं असं: अमेरिकेत एकच कडक कायदा आहे. प्रत्येक बलात्काऱ्याचं नाव, फोटो, पत्ता जन्मभर इंटरनेटवर असतो. सुटलेल्यांपैकी दहातले आठ पुन्हा तेच करतात, पण शेजाऱ्यांना माहीत असल्यामुळे तिथली मुलं वाचतात. भारतात अशी यादीच नाही. ती उघड करा.

हे पाठवणाऱ्यांचा संताप खरा आहे आणि तो माझ्याही मनात आहे. पण मेसेजमधलं जवळजवळ प्रत्येक वाक्य चुकीचं आहे आणि ही चूक मुलांना महागात पडू शकते.

'यादीच नाही' हे आधी निकालात काढू. २० सप्टेंबर २०१८ रोजी केंद्र सरकारने लैंगिक गुन्हेगारांची राष्ट्रीय नोंद सुरू केली. ती राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाकडे असते. सुरुवातीलाच तिच्यात चार लाखांहून अधिक नोंदी होत्या. ती फक्त पोलीस आणि तपास यंत्रणांना पाहता येते, एवढंच.

'एकच कायदा' हेही खरं नाही. केंद्राचे कायदे आहेत: १९८९ मध्ये मिनेसोटातून पळवलेल्या अकरा वर्षांच्या जेकबच्या नावाचा १९९४ चा, न्यू जर्सीतल्या सात वर्षांच्या मेगनच्या हत्येनंतरचा १९९६ चा, आणि गुन्ह्याच्या गांभीर्यानुसार १५ वर्षं, २५ वर्षं किंवा जन्मभर नोंद ठरवणारा २००६ चा. पण नोंद ठेवतात राज्यं, आणि २००६ चे निकष बहुतेक राज्यांनी पूर्णपणे स्वीकारलेलेच नाहीत. कॅलिफोर्नियात १९४७ पासून नोंद आहे. ती जन्मभराची असे; २०२१ पासून तिथेही दहा वर्षं, वीस वर्षं आणि जन्मभर असे तीन टप्पे झाले. संमतीचं वय न्यू जर्सीत १६, न्यूयॉर्कमध्ये १७, कॅलिफोर्नियात १८. म्हणजे एका राज्यात जो गुन्हा, तो शेजारच्या राज्यात गुन्हा असेलच असं नाही.

व्याख्या अशा वेगवेगळ्या असल्या की यादीत कोण येतं? ह्यूमन राइट्स वॉच या संस्थेच्या २००७ च्या अहवालानुसार किमान १३ राज्यांत उघड्यावर लघवी केल्याबद्दलही नोंद होऊ शकत होती. २००६ मध्ये मेन राज्यात एका तरुणाने ऑनलाइन यादीतून पत्ते शोधले आणि दोन माणसांना घरी जाऊन गोळ्या घातल्या. त्यांतला एक यादीत का होता? एकोणीस वर्षांचा असताना त्याने मैत्रिणीशी संबंध ठेवले होते आणि तिला सोळावं पूर्ण व्हायला थोडेच दिवस बाकी होते.

'दहातले आठ' या आकड्याचं मूळही सापडतं. २००२ च्या एका निकालात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ८० टक्क्यांपर्यंतचा उल्लेख केला. तो आकडा जातो १९८६ च्या एका लोकप्रिय मासिकातल्या लेखापर्यंत, आणि त्या लेखात त्याला संशोधनाचा आधार दिलेला नाही. तिथल्या न्याय खात्याने २००५ मध्ये सुटलेल्या लैंगिक गुन्हेगारांचा नऊ वर्षं मागोवा घेतला, तेव्हा ७.७ टक्क्यांना बलात्कार किंवा लैंगिक हल्ल्यासाठी पुन्हा अटक झाली होती. पुष्कळ गुन्हे पोलिसांपर्यंत पोचत नाहीत, त्यामुळे खरं प्रमाण याहून जास्त असणार. तरी ऐंशीला आधार मिळत नाही.

आता मुद्द्याचा मुद्दा: मुलं वाचतात का? मेगन कदाचित वाचली असती, हे मान्य करायला हवं. समोरच्या घरातल्या त्या माणसाला आधी शिक्षा झालेली होती आणि तिच्या आईवडिलांना ते ठाऊक नव्हतं. पण २००८ मध्ये न्यूयॉर्कच्या नोंदी तपासणाऱ्या अभ्यासात लैंगिक गुन्ह्यांतल्या ९५ टक्क्यांहून अधिक अटका आधी असा गुन्हा नावावर नसलेल्यांच्या निघाल्या. २०११ मध्ये प्रेस्कॉट आणि रॉकॉफ या संशोधकांनी पोलिसांकडची नोंद आणि जाहीर यादी यांचा परिणाम वेगळा काढून पाहिला. पोलिसांकडच्या नोंदीचा उपयोग दिसला. जाहीर यादीमुळे मात्र सुटलेल्यांचे गुन्हे कमी झाले नाहीत, उलट वाढल्याची चिन्हं दिसली. घर, नोकरी, ओळखी सगळंच तुटलेल्या माणसाकडे गमावण्यासारखं काही उरत नाही. मायामीत शाळांपासून दूर राहण्याच्या नियमामुळे अशी माणसं काही वर्षं एका पुलाखाली राहत होती.

आणि जेकब? त्याला मारणारा २०१६ मध्ये कबूल झाला. अपहरणानंतर पोलिसांनी या माणसाची चौकशी करून त्याला सोडलं होतं. जेकबची आई पॅटी वेटरलिंग यांनी १९९४ च्या कायद्यासाठी जीव तोडून काम केलं. पुढे या याद्या फार ताणल्या गेल्या, असं त्यांनीच उघडपणे सांगितलं.

आपल्याकडे तर आणखी एक गोष्ट आहे. राष्ट्रीय आकडेवारीत दरवर्षी बलात्काराच्या नव्वद टक्क्यांहून अधिक प्रकरणांत आरोपी ओळखीचा असतो: शेजारी, नातेवाईक, कधी घरातलाच. काकाचं नाव, फोटो आणि पत्ता इंटरनेटवर गेला की पुतणी कोण, हे गावाला विचारावं लागत नाही. मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या पॉक्सो कायद्याच्या कलम २३ ने माध्यमांना मुलाचं नाव, पत्ता, कुटुंब, शाळा, शेजार यांतलं काहीही उघड करायला बंदी केली आहे, ती यासाठीच. जाहीर यादी तेच संरक्षण काढून घेईल. घरातल्याचंच नाव चव्हाट्यावर येणार असेल तर किती आया तक्रार करायला पुढे येतील?

आणि जमावाचं काय? १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी समजून भिक्षेकरी समाजातल्या पाच जणांना ठेचून मारलं. त्यांच्याविरुद्ध फक्त एक अफवा होती. उद्या हातात फोटो आणि पत्ता असेल.

ग्रुपवर मी त्या मेसेजखाली एवढंच लिहिलं: मूल काही सांगत असेल तर त्याला गप्प करू नका, १०९८ या मुलांच्या हेल्पलाइनवर फोन करा. पॉक्सोच्या कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे, समोरचा सख्खा असला तरी.